परत केलेलं मीटर

कुही
२४ एप्रिल १९७७

मामाजी,

तुमाले अन् आत्याबाईले पाया पडते. तुमच्या नातीचा निकाल लागला. जयवंता सातवी पास झाली, अन् शाळेतून पहिली आली. निकालाचा कागद घेऊन घरोघरी फिरावं असं वाटलं होतं, पण दुसऱ्याच्या घरी राहणाऱ्या बाईनं काय मिरवावं, म्हणून तुमालेच लिहून राहिली.

आता कामाची गोष्ट. पोरीले पुढं नागपूरले शिकवावं असं माह्या मनात आहे. इथी हायस्कूल नाही असं नाही. पण हिसाबाचे मास्तर म्हणते, पोरीचं डोकं चांगलं आहे, तिकडं सायन्स चांगलं शिकवते. तुमचं घर लकडगंजात, शाळा पायी जाण्यासारखी. आत्याबाईचं एकटीचं मन लागत नाही असं तुमच्या खात्यातले लहानूभाऊ दिवाळीत आले तवा सांगत होते. पोरगी आली तं त्यायलेही बरं वाटन. रुपरावभाऊले विचारलं, त्याचीही हो आहे. आठ वर्षं झाले आमी मायलेकी त्याच्या घरी आहो, भावानं एका शब्दानं कधी दुखवलं नाही. पण पोरीनं बापाच्या घरी राहून शिकावं असं मले वाटते.

एकच मागणं आहे. घरात लाईट घ्या.

जयवंताचे बाबा होते तवा आपल्या गल्लीत पहिली लाईट तुमच्याच घरी होती. बाप लाईनमन, लेक लाईनमन, लोक पाहाले येत. ते खांबावरून गेले अन् तुमी तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मीटर काढून खात्याले परत केलं. तवापासून कंदील. मी काही म्हटलं नाही. तुमचं दुःख मले समजते, माहं काही कमी नव्हतं. पण आता आठ वर्षं झाले. इथी भावाच्या घरी बल्ब आहे, पोरीले त्याची सवय झाली. कंदिलापाशी बसली की तिच्या डोळ्यातून पाणी येते. अन् तुमाले मीटर मिळाले काय वेळ लागते, सगळं खातं तुमच्या ओळखीचं.

जूनच्या आत कळवा म्हणजे भाऊ तिले आणून सोडन.

तुमची सून
पंचफुला


लकडगंज, नागपूर
५ मे १९७७

पंचफुला,

पत्र भेटलं. तुह्या सासूनं मले ते दोनदा वाचाले लावलं, अन् ‘पहिली आली’ तेवढंच तिसऱ्यांदा. मंग गल्लीत साखर वाटून आली. गुडघे दुखते म्हणून आठ दिवस दारात न गेलेली बाई साऱ्या गल्लीत फिरली. पोरगी केव्हाही पाठव. विचाराचं काय त्यात, घर तिचंच आहे.

मी शाळेत जाऊन आलो. तिथल्या मोठ्या बाई कडक आहे पण माणूस चांगलं आहे. नाव लावून ठेवतो म्हणाल्या. लाकडाच्या टालवर चौकीदारी करतो तिथी सागाच्या पट्ट्या पडून असतात, मालकाले विचारून चार आणल्या. पोरीसाठी मेज करून राहिलो. एक पाय आखूड झाला, तो दुरुस्त होईन. तिची जागा खिडकीपाशी केली आहे, सकाळचं ऊन तिथी चांगलं येते.

मीटरचं मात्र काढू नको. अर्ज करा, मंग साहेब येऊन पाहून जाते, मंग वायर नाही म्हणते, सहा महिने त्यातच जातात. माहे ओळखीचे लोक सारे रिटायर झाले. घराची भिंत ओली आहे, तिच्यात लाईन फिरवणं बरं नाही. अन् बल्बाच्या उजेडानं डोळे जास्त खराब होतात, असं मले वाटते. मी माही लाईनमनची परीक्षा कंदिलापाशी बसूनच पास झालो. मोठ्या काचेचे दोन कंदील घेऊन ठेवले आहे. काचा रोज मी स्वतः पुसून देईन, धूर दिसणार नाही.

पोरीचे कपडे जास्त देऊ नको, इथी तुही सासू शिवून घेईन म्हणते.

विश्वनाथ


कुही
१५ मे १९७७

मामाजी,

मेज केलं, कंदील आणले, मोठ्या बाईले भेटून आले. सगळं केलं, फक्त मी जे मागितलं तेवढं सोडून.

तुमची भिंत ओली आहे म्हणता. मी त्या घरात सहा वर्षं नांदली. पावसाळ्यात शेजारच्यायच्या भिंती गळत, अन् आपल्या घरी लोक पापड वाळवाले आणत. कोणाले सांगता तुमी हे.

भाऊ परवा धानाच्या कामानं नागपूरले गेला होता, त्याले मी मीटरचा फॉर्म आणाले सांगितला. तिथल्या बाबूनं सांगितलं, घरमालकाची सही असली तं पंधरा दिवसात मीटर लागते, सहा महिने नाही. फॉर्म सोबत पाठवून राहिली. नाव, पत्ता, सगळं मी भरलं. खाली फुली केली आहे तिथी तुमी सही करा, एवढंच काम.

लहानूभाऊ रस्त्यात भाऊले भेटले. आत्याबाईचा हात चुलीपाशी भाजला, अंधारात तवा दिसला नाही, असं ते म्हणाले. तुमच्या पत्रात ते नव्हतं. तीस वर्षं तुमी लोकायच्या घरी उजेड देला मामाजी, अन् स्वतःच्या बायकोले तव्यावर हात ठेवाले लावून राहिले.

मले आता दुसरंच वाटून राहिलं. खरं सांगा, पोरगी तुमाले नको आहे का. लेक गेला, त्याची पोरगी डोळ्यासमोर कशाले, असं असन तं तसं लिहा. मी रागवणार नाही. पण भिंतीच्या अन् काचेच्या गोष्टी सांगू नका. मी काही लहान नाही.

पंचफुला


लकडगंज, नागपूर
३० मे १९७७

पंचफुला,

आज कोणती तारीख आहे ते तुले सांगाले नको. आठ वर्षं या तारखेले मी कोणाले पत्र लिहिलं नाही, कोणाशी बोलतही नाही. टालवर जातो अन् दिवस काढतो. पण तुहं पत्र दहा-बारा दिवस खिशात आहे, अन् पोरगी नको आहे का हे तू जे लिहिलं ते आजच्या दिवशी मले जास्तच लागलं.

पोरगी मले पायजे. दोन वर्षांची होती तवा मी कामावरून आलो की माह्या पायातल्या बुटावर बसत होती, अन् मी तसाच तिले घेऊन घरभर फिरत होतो. तू तिले कुहीले नेलं त्या दिवसापासून ह्या घरात कोणी मोठ्यानं बोललेलं मी ऐकलं नाही. तुही सासू रोज एकदा तरी नाव काढते. तव्याचं खरं आहे. मी लिहिलं नाही, माह्यानं लिहिणं झालं नाही.

फॉर्म परत पाठवून राहिलो. सही केली नाही. राग करू नको. लाईनीवर माहा राग आहे असं लोक समजतात, लेक खाल्ला म्हणून. तसं नाही. लाईन काय, तिले आपण चालू केलं तं चालू, बंद केलं तं बंद. तिचा काही गुन्हा नसते.

मले काहून ते विचारू नको. दुसरं काहीही माग. पाहिजे तं पोरीच्या अभ्यासाची सोय शेजारी कांताबाईच्या घरी लावून देतो, तिच्याकडं दोन बल्ब आहे. रोज नेऊन सोडन, रोज आणन. पण माह्या घरात माह्या सहीनं लाईन येऊ देणं मले होत नाही.

विश्वनाथ


कुही
९ जून १९७७

मामाजी,

तुमी काहून ते विचारू नको म्हणता. मंग मी माहं काहून सांगते, कारण मीही तुमाले पहिल्या पत्रात खोटंच लिहिलं.

सायन्स बिन्स काही नाही. पोरीले इथून काढाचं आहे.

शाळेत पोट्टे तिले चिडवतात. तिचा बाप दारू पिऊन खांबावर चढला अन् मेला म्हणतात. एकाच्या मामाले कोण्या खात्यातल्या माणसानं सांगितलं म्हणे, की कागदातच तसं आहे, कोणाले न विचारता चढला, स्वतःच्या बेपर्वाईनं मेला. तिथून पिऊन होता इथवर गोष्ट यायले काय लागते. पहिलं मोठे लोक मागं बोलत, आता पोट्टे तोंडावर बोलतात. पहिली आली त्या दिवशी निकालाच्या कागदावर एकानं मागून बाटलीचं चित्र काढून देलं. म्हणून मी तो कागद कोणाले दाखवला नाही.

त्या दिवशी तिनं मले विचारलं, आई, बाबा पिऊन होते का. मी नाही म्हटलं. मंग न विचारता काहून चढले, म्हणे. मलेच माहीत असन तं उत्तर देईन. तुमी मले एवढंच सांगितलं होतं की करंट लागला. बाकी कागदाचं मी लोकायच्याच तोंडून ऐकलं.

मामाजी, तुमी तिथी होते. त्यायनं असं काहून केलं ते तुमीच सांगू शकता. कधी कधी मले वाटते तुमाले त्यायचाच राग आहे. इतकं शिकवलं अन् पोरानं ऐकलं नाही, म्हणून तुमी घर अंधारात ठेवलं. तसं असन तरी लिहा. पोरीले मी काहीतरी सांगीन. पण गप्प राहू नका. आता माह्यानं सहन होत नाही.

पंचफुला


लकडगंज, नागपूर
१८ जून १९७७

पंचफुला,

हे पत्र एकटी असशीन तवा वाच. मंग ज्याले दाखवाचं त्याले दाखव, माही ना नाही.

मनोहर पिऊन नव्हता. तो कधी प्याला नाही हे तुलेही माहीत आहे. तो न विचारता चढला नाही. त्यानं घाई केली नाही. चूक माही होती. माह्या एकट्याची.

आमच्या गँगचा एक कायदा होता, तो मीच केलेला. डीपीवरचे तीन फ्यूज काढले की तेवढ्या भागातली लाईन मरते. ते फ्यूज मी काढून माह्या थैलीत ठेवत होतो. खांबावरचा माणूस उतरला की त्यानं स्वतः चालत माह्यापाशी याचं, स्वतः थैलीत हात घालून फ्यूज काढाचे, अन् त्यानंच लावाचे. जो चढला त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणी हात लावाचा नाही. मंग खांब कितीही दूर असो अन् पाऊस असो की ऊन. लहानू कितीकदा चिडला माह्यावर. म्हणे, विश्वनाथभाऊ, मी खाली उभा आहो, तुमाले दिसून राहिलो, लावा ना तुमीच. मी नाही लावले. बावीस वर्षं कोणाचे लावले नाही. माह्या हाताखाली एक माणूस मेला नाही.

त्या दिवशी मनोहर सकाळपासून वर होता. मे महिना. दोन वाजता मी डीपीपाशी होतो, तो पाच-सहा खांब पुढं. काम आटपलं असन असा माहा अंदाज. पाहतो तं खांबाखाली लिंबाच्या सावलीत खाकी शर्टातला माणूस बसून पाणी पिऊन राहिला. मले वाटलं मनोहर. मी हात वर केला, झालं का म्हणून. त्यानंही हात वर केला. मी म्हटलं, पोरगा थकला. एवढ्या उन्हात त्याले इथवर चालत काय आणाचं. आपलाच पोरगा आहे, त्याच्यासोबत काय कायदा. अन् मीच फ्यूज लावले.

तो लहानू होता. मनोहर वरच होता, लिंबाच्या फांद्यायमागं.

दुसऱ्या कोणाचा लेक असता तं मी त्याले चालत आणलं असतं, अन् तो आज जिवंत असता. आपला होता म्हणून मी कायदा मोडला. उन्हात चालावं लागू नये म्हणून, पंचफुला. दुसरं काही कारण नव्हतं.

पुढचं ऐक, ते जास्त वाईट आहे. चौथ्या दिवशी चौकशीचा साहेब कागद तयार करूनच घरी आला. म्हणाला, विश्वनाथ, लेक तं गेला, तूही जेलात गेला तं मागच्या बायायले कोण पाहीन, अन् खात्याचंही नाव खराब होईन. कागदात होतं की काम संपल्यावर मनोहर कोणाले न विचारता परत चढला. मी ते वाचलं. मी भेलो. जेलाले भेलो, अन् तुले तोंड दाखवाले त्याहून जास्त भेलो. सही केली. पिण्याचं त्यात नव्हतं, ते लोकायनं जोडलं. पण जोडाले जागा मी करून देली. लहानूले सारं माहीत आहे. तो दर दिवाळीले कुहीले तुमाले भेटाले येते, सांगाचं ठरवून येते, अन् न सांगता परत जाते.

म्हणून मीटर परत केलं. घरात बटनाचा आवाज झाला की मले माहे हात डीपीवर दिसत. अन् पोरीच्या उजेडाचं म्हणशीन तं तिचं तोंड हुबेहूब मनोहरचं आहे. ती बल्बाखाली माह्यासमोर बसून मान वर करून पाहीन, अन् मी तिच्याकडं कसा पाहू. कंदिलात माणसाचं तोंड एवढं दिसत नाही.

तुह्या सासूले मी आजवर सांगितलं नाही. पोरीले पाठवाचं की नाही ते आता तू ठरव.

विश्वनाथ


लकडगंज, नागपूर
२१ जुलै १९७७

पंचफुला,

महिना होऊन गेला, तुहं पत्र नाही. रोवण्याचे दिवस आहे, हात मोकळा नसन असं मी मनाले सांगून राहिलो. खरं काय ते मलेही समजते.

एवढंच कळवाचं होतं की मी अर्ज केला. नवा फॉर्म आणला, सही केली. तेरा तारखेले मीटर लागलं. लावाले आलेला वायरमन माह्याच हाताखाली शिकलेला निघाला. म्हणे, पहिलं बटन तुमी दाबा. मी बाहेर निघून गेलो. तुह्या सासूनं दाबलं. ती साऱ्या घरातून फिरून कोपरे पाहत होती, इतके जाळे लागले होते माहीतच नव्हतं, म्हणे.

मोठ्या बाई पंधरा ऑगस्टपर्यंत नाव ठेवतो म्हणाल्या. मेजाचा पाय दुरुस्त झाला.

मी काही मागत नाही.

विश्वनाथ


कुही
६ ऑगस्ट १९७७

मामाजी,

तुमचं जूनचं पत्र आलं तवा मी बांधीत धान पेरून राहिली होती. भावानं आणून देलं, धुऱ्यावर बसून वाचलं. परत बांधीत उतरली अन् संध्याकाळपर्यंत पेरत राहिली. दुसरं काही कराले सुचलं नाही.

चूक झाली ते मी समजू शकते. उन्हाचं वाचून मी रडली. त्यायच्यासाठी रडली अन् तुमच्यासाठीही रडली, खोटं नाही बोलत. बापाच्या हातून असं व्हावं, दुश्मनाच्याही होऊ नये.

पण सही केली ते मी माफ करत नाही. तुमी तोंड दाखवाले भेले म्हणता. अन् मी काय केलं माहीत आहे. आठ वर्षं मी मनातल्या मनात त्यायच्याशी भांडली. न विचारता काहून चढले, माहा नाही तं पोरीचा तरी विचार नाही आला का, असं. त्यायच्या फोटोले हार घालतानाही भांडली. मेलेल्या माणसाशी भांडली मी, मामाजी, अन् त्यायचा काही गुन्हाच नव्हता. ते सारे दिवस मले आता कोण परत देईन. तुमी देऊ शकता का.

मी ठरवलं ते ऐका. तेरा तारखेले भाऊ पोरीले घेऊन येईन. तिले मी काही सांगितलं नाही. ते तुमी सांगाल, आत्याबाईसमोर, लिहिलं तसंच, काही न गाळता. तवर भाऊ दारात बसून राहीन. ऐकून ती राहते म्हणाली तं राहीन. नाही म्हणाली तं त्याच पावली त्याच्यासोबत परत येईन, अन् मंग तुमी कधी बोलावाचं नाही.

ती इथून निघाली की मी तुमचं पत्र शाळेत नेऊन मास्तरायसमोर वाचणार आहे. मंग गावात. तुमची लाज जाईन. जाऊ द्या.

पंचफुला


लकडगंज, नागपूर
२३ ऑगस्ट १९७७

पंचफुला,

रुपरावनं तुले थोडंबहुत सांगितलंच असन. पण तो बाहेर होता, आतलं त्याले माहीत नाही. म्हणून लिहून राहिलो.

तेरा तारखेले दुपारी जेवणं झाल्यावर मी दोघीले समोर बसवलं. तुही सासू सुपात डाळ निवडत होती. रुपराव पोरीची पिशवी मांडीवर घेऊन दारात बसला. मी सारं सांगितलं. फ्यूज, ऊन, लहानू, साहेब, सही. काही गाळलं नाही. तुह्या सासूनं सूप खाली ठेवलं. ती माह्याकडं पाहत होती अन् मी जमिनीकडं.

जयवंतानं पहिलं काय विचारलं सांगू. म्हणे, म्हणजे बाबा पिऊन नव्हते. मी म्हटलं, नाही. म्हणे, अन् विचारूनच चढले होते. मी म्हटलं, मीच चढवलं होतं बाई, माह्याच सांगण्यावरून चढला.

पोरगी हासली, पंचफुला. बाप कसा मेला ते ऐकून पोरगी हासली. उठून धावत दारात गेली अन् रुपरावले म्हणाली, मामा, माह्या बाबाची काहीच चूक नव्हती, आजानं सांगितलं. साऱ्या गल्लीले ऐकू जाईन एवढ्या मोठ्यानं म्हणाली. दोनदा म्हणाली. कांताबाई बाहेर आली तं तिलेही सांगितलं. मंग आत आली, माह्याकडं पाहिलं, अन् तवा तिले बाकीचं समजलं. तिचं हासणं तिथीच थांबलं. मले विचारलं, तुमी काहून वाट नाही पाहिली. मी म्हटलं, ऊन लय होतं बाई. त्यानंतर आजपर्यंत माह्याशी बोलली नाही.

राहते म्हणाली, पण ते आजीले म्हणाली. शाळेत नाव लागलं. संध्याकाळी ती स्वतः उठून बटन दाबते अन् मेजापाशी बसते. मी घरातच राहतो, बाहेर जात नाही. वह्या पायजे असल्या तं आजीले सांगते, मी आणून ठेवतो. तुही सासू मले वाढते, पण समोर बसत नाही. ते दोघीयचं बरोबर आहे. तेवढं मी धरूनच होतो, त्याचं मले काही नाही.

मले दुसरंच खाऊन राहिलं. आठ वर्षं मी मनाले सांगत होतो की पोरीसाठी गप्प आहो. बाप तं गेला, खरं समजलं तं तिचा आजाही जाईन, मंग तिले आमच्याकडून कोण उरलं. मले वाटे तिचं दुःख मले माहीत आहे. तिचं दुःख मले माहीतच नव्हतं. आपला बाप चांगला माणूस होता, एवढंच तिले ऐकाचं होतं. तेवढ्यावर पोरगी हासली. ते माह्यापाशी होतं. कुहीची मोटार पकडून कोणत्याही दिवशी येऊन मी तिले ते देऊ शकत होतो. ती पाच वर्षांची होती तवाही देऊ शकत होतो.

विश्वनाथ